सत्तेचाळीस ठिपक्यांची गल्ली

४ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार आहेच. सोबत या वेळी एक नकाशाही पाठवत आहे. आधी नमस्कार घ्या, मग चष्मा लावा.

घर सापडले. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गल्लीकडे उघडणारी एक रुंद खिडकी. आई त्या खिडकीत जी बसली ती उठेचना. एजंट पुढची खोली दाखवायला बोलावत होता, तर म्हणाली, "तिला दाखवा. मी इथेच बरी आहे." बाजारातून येताना तिची पर्स हिसकावून नेली त्याला आता दोन वर्षे होतील. त्या दिवसापासून ती एकटी उंबऱ्याबाहेर पडलेली नाही, हे तुम्ही जाणताच. मोडलेली हाडे जुळलेल्या माणसांना मी दवाखान्यात दिवसभर पुन्हा चालायला शिकवते, आणि माझ्याच घरात दोन धडधाकट पाय दारापाशी येऊन थांबतात. त्या खिडकीत तिला पाहिले आणि वाटले, या गल्लीतून ही चालेल.

त्याच संध्याकाळी मी पोलिसांच्या संकेतस्थळावरचा गुन्ह्यांचा नकाशा उघडला. घर घेणाऱ्या कोणालाही तो पाहता येतो. त्याला ना परवानगी लागते ना ओळख. गल्ली शोधली आणि अंगावर काटा आला. गोवर निघाल्यासारखी दिसते ती. दोन वर्षांत सत्तेचाळीस ठिपके, आणि एक ठिपका म्हणजे नोंदलेली एक घटना. एजंटला विचारले तर म्हणतो, "ताई, वस्ती जिवंत आहे." मग त्याने चौकापलीकडच्या नव्या संकुलातले घर सुचवले. तिथे एकही ठिपका नाही. मात्र तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, आणि आई त्या खिडकीकडे फिरकलीही नाही.

आईनेही नकाशा पाहिला. तिने मला आमची आत्ताची गल्ली शोधायला लावली. कोपऱ्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवून विचारले, "हा माझ्या पर्सचा?" मी हो म्हटले. बोट न उचलता ती म्हणाली, "एवढासाच?"

मालकांना मार्चअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचे आहे. आपण एकतीस वर्षे बाजारातले तराजू तपासलेत. आता माझा हा आकडा तपासून द्या. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मी मोठमोठ्याने 'चोरी, चोरी' ओरडले तर शेजारी धावून येतील. म्हणून हे पत्र.

तुमची भाची

९ फेब्रुवारी

चि. भाचीस,

आशीर्वाद पुष्कळ, आणि सल्ला त्याहून पुष्कळ. तुझे पत्र हातात घेऊन मी खुर्ची टेबलाजवळ ओढली, तेव्हा तुझी मामी म्हणाली, "झालं. आता महिनाभर घरात हाच विषय." तिचा अंदाज कमी पडण्याचा संभव आहे.

प्रथम एक जुना प्रसंग सांगतो. एका दुकानात मी काटा तपासायला गेलो होतो. रिकाम्या पारड्याचा काटा बरोबर शून्यावर, वजने प्रमाणित, दुकानदार हसतमुख. तरीही गिऱ्हाइकाला माल कमी मिळत होता, कारण तो माल मोजायचा जाड कागदी पुड्यासकट. काटा खोटे बोलत नव्हता. आपण मालाचे वजन करतो आहोत ही गिऱ्हाइकाची समजूत तेवढी खोटी होती. नोकरीतला हा माझा पहिला धडा. आकडा दिसला की तो मोठा की लहान हे विचारण्याआधी, तो कशाचा आहे हे विचारावे.

म्हणून तीन प्रश्न देतो. पहिला, काय मोजले? नकाशावर फोडलेले दार आणि फुटलेली कुंडी यांना सारखाच ठिपका मिळतो. दुसरा, किती माणसांत मोजले? जिथे सभागृह किंवा बसथांबा आहे तिथे रहिवाशांपेक्षा येणारे-जाणारे अधिक असतात, आणि त्यांचे सगळे तंटे त्या गल्लीच्या नावावर चढतात. तिसरा, ठिपका जिथे दिसतो तिथलाच आहे का? कोणाचे घर ओळखू येऊ नये म्हणून असे नकाशे बहुधा घटना गल्लीच्या मध्यावर सरकवतात. तशी टीप तुझ्या नकाशाच्या तळाशी आहे. ती तू वाचली नसशील. बारीक अक्षरातली टीप वाचण्यासाठी सरकार मला पगार देत असे.

आता कृती. पोलीस ठाण्यात माहितीची खिडकी असते. तिथे लेखी अर्ज दे आणि त्या गल्लीच्या नोंदींची यादी माग: प्रकार, तारीख, वेळ. नावे ते देणार नाहीत, देऊही नयेत. अर्ज साध्या भाषेत लिही आणि पोच घे.

एवढे सांगूनही माझे मन विचारशील तर ते संकुलाकडे झुकते. सत्तेचाळिसाचे अनेक अर्थ निघतील. शून्याचा एकच निघतो. माझीच गल्ली घे. हा नकाशा सुरू झाल्याला सहा वर्षे झाली, आमच्यावर आजवर एक ठिपका नाही. ताईने आयुष्यात पुरेसे सोसले. तिला शून्यात राहू दे.

तुझा मामा

२१ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,

अर्ज दिला, पोच घेतली, यादी मिळाली. एवढ्या सहज मिळाली की मीच ओशाळले. खिडकीतल्या हवालदारबाई म्हणाल्या, नकाशा बघून घाबरणारे हजार, आणि खिडकीपर्यंत येणारी वर्षातली तू तिसरी. बाकीच्या दोघांनी काय केले असे मी विचारले. एकाने घर घेतले आणि दुसरा पत्रकार निघाला, म्हणाल्या.

आता आकडे. सत्तेचाळिसांपैकी एकतीस 'सार्वजनिक उपद्रव', नऊ 'मालमत्तेचे नुकसान', पाच चोऱ्या, दोन 'इतर'. मारहाण नाही, घरफोडी नाही. चोऱ्यांत तीन सायकली, दारात ठेवलेले एक पार्सल आणि मोटारीची काच फोडून नेलेली एक पिशवी. पर्स हिसकावण्याचा प्रकार एकही नाही. ती यादी मी आईला दोनदा वाचून दाखवली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही हाती आले आहे: गल्लीच्या टोकाला एक सार्वजनिक सभागृह आहे.

पण एक गोष्ट काही केल्या सुटत नाही. एकतीस उपद्रवांपैकी एकोणीस गुरुवारचे आहेत. सगळे संध्याकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान. दर गुरुवारी नाही, पण जेव्हा आहे तेव्हा गुरुवारच. मला तर एखादी टोळी दिसू लागली आहे, जी इतर दिवशी नोकरी करते. आई म्हणते, "वक्तशीर आहेत बिचारे."

संकुलाचा एजंट रोज फोन करतो.

तुमची गोंधळलेली भाची

२६ फेब्रुवारी

चि. भाचीस,

गुरुवार! तुझे पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो, दोन येरझारा घातल्या आणि पुन्हा बसलो. मामीने माझा रक्तदाब मोजला. तो उत्तम आहे.

आता कागद बाजूला ठेव. काटा कार्यालयात बसून तपासता येत नाही, त्यासाठी दुकानात जावे लागते, तेही दुकान गजबजलेले असताना. येत्या गुरुवारी सात वाजता त्या गल्लीत उभी राहा. एकटी जाऊ नकोस. ताई येत असेल तर तिला घेऊन जा. नसेल येत तर आग्रह करू नकोस, फक्त आपण कुठे चाललो ते सांग.

आणि जे दिसेल ते संकुलाच्या शून्याशी ताडून पाहा. माझे मत अजून शून्याच्या बाजूने आहे. आमच्या गल्लीचा अनुभव मला तेच सांगतो.

मामा

७ मार्च

तीर्थरूप मामांस,

आई आली. माझा दंड घट्ट धरून, पण आली. दारात चपला घालताना म्हणाली, "टोळी कशी असते ते बघू तरी."

टोळी सापडली. चोवीस माणसांची आहे. तीत एक दातांची डॉक्टर, दोन बसचालक, एक शिंपी आणि बारा शाळामास्तर आहेत; साथीला एक भलेमोठे पितळी वाद्य, ज्याचा आवाज नाक चोंदलेल्या म्हशीसारखा येतो. हे लोक दर गुरुवारी सभागृहात समूहगान करतात. खिडक्या सताड उघड्या होत्या. आम्ही साडेसहालाच येऊन बाहेरच्या बाकावर बसलो. सुरुवातीला आईची बोटे माझ्या दंडात रुतली होती. तिसऱ्या गाण्याला ती माझ्या मनगटावर ताल देत होती. मामा, पर्स गेल्यापासून तिने स्वयंपाक करतानाही गुणगुणलेले मी ऐकले नव्हते.

बरोबर सात वाजता समोरच्या नऊ नंबरची खिडकी उघडली. पांढऱ्या केसांच्या एक बाई, हातात घड्याळ, वही आणि लाल पेन. चालू गाणे संपायला सात वाजून सहा मिनिटे झाली. बाईंनी घड्याळ पाहिले आणि लिहिले. मला राहवले नाही. मी खिडकीखाली जाऊन विचारले, आपण काय लिहिता?

"तक्रार," त्या म्हणाल्या. "सभागृहाला परवानगी सातपर्यंतची आहे. सातच्या आत त्यांनी कितीही बेसूर गावं, मी चकार शब्द काढत नाही. सातनंतर लिहिते."

मी यादीबद्दल सांगितले. दोन वर्षांत सत्तेचाळीस, म्हटले.

"त्यातल्या एक्केचाळीस माझ्या," बाई म्हणाल्या. एखादी आजी नातवंडांची संख्या सांगते तशा. "उरलेल्या सहांतल्या पाच मी लोकांना समोर बसवून लिहायला लावल्या. चोरी झाल्यावर माणसं नुसती हळहळतात. मी म्हटलं, हळहळ नंतर, आधी तारीख-वेळ लिहा. सभागृहामागून गेलेल्या तीनपैकी दोन सायकली परत मिळाल्या. सहावी माझ्याविरुद्ध आहे. पितळी वाद्यवाल्याची. तीही बरोबर होती, फक्त 'विरुद्ध' चुकीचं लिहिलं होतं, ते मी दुरुस्त करून दिलं."

त्या छापखान्यात चाळीस वर्षे मुद्रिते तपासत होत्या. गल्ली त्यांना 'दुरुस्तीबाई' म्हणते, आणि त्यांना ते ठाऊक आहे. नऊ नुकसानींपैकी सात म्हणजे चार नंबरच्या मांजराने पाडलेल्या कुंड्या. मांजराचे नाव नोंदवायला अर्जात जागा नाही, याचीही त्यांनी तक्रार केली आहे. 'इतर'मधली एक तीच. मग त्यांनी आईकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही गाता का?" आई म्हणाली, "गात होते." "मग सातच्या आत गा," एवढे बोलून खिडकी लागली. पुरती नाही, बोटभर फट राहिली. गाणे पुन्हा सुरू झाले तेव्हा त्या फटीतून त्यांचे लाल पेन ताल धरून हलताना आईने पाहिले.

आता तुमचे शून्य. काल संकुलात गेले. फाटकावरचा पहारेकरी गप्पिष्ट निघाला. मी सहज विचारले, इथे कधी काही घडत नाही का? त्याने कौतुकाने एक जाडजूड रजिस्टर पुढे केले. गेलेल्या सायकली, फोडलेले आरसे, दोन घरांत चोर. "पोलिसांत कशाला जायचं मॅडम? संकुलाचं नाव खराब होतं. इथं लिहायचं, इथंच राहतं." शिवाय संकुल जेमतेम चौदा महिन्यांचे आहे, आणि नकाशा मी दोन वर्षांचा पाहत होते.

एक शेवटची गोष्ट, रागावू नका. परवा मामीचा फोन आला होता. मी तुमच्या गल्लीच्या शून्याचे कौतुक केले, तर मामी एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, "मामांना विचार, त्यांची सायकल कुठे आहे?"

मामा, तुमची सायकल कुठे आहे?

तुमची लाडकी आणि चौकस भाची

१३ मार्च

चि. भाचीस,

या पत्राचे तीन मसुदे फाडले. मामी म्हणाली, चौथा फाडलात तर मीच लिहीन. तेव्हा हा चौथा.

सायकल चार वर्षांपूर्वी गेली. भर दुपारी, आमच्याच दारातून. मी आत पाणी प्यायला गेलो होतो. सायकल दारात होती आणि तिचे कुलूप माझ्या खिशात होते.

ज्या माणसाने एकतीस वर्षे, काट्याला सील का नाही म्हणून दुकानदारांना फैलावर घेतले, त्याने ठाण्यात जाऊन 'कुलूप लावले नव्हते' असे कसे सांगायचे? मी सांगितले नाही. ओळखीच्यांना म्हटले, गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडली. पुढे डाव्या हाताच्या शेजाऱ्याचा पाण्याचा पंप गेला, तो वहिनींना कळू नये म्हणून गप्प बसला. कोपऱ्यावरच्या दोघांच्याही काही वस्तू गेल्या. तुझे पत्र आल्यावर काल मी घरोघर जाऊन विचारले. सहा वर्षांत नऊ घटना. नोंदी शून्य. आमच्या गल्लीत चोर येत होते, फक्त कोणी सांगत नव्हते. त्या शून्यावर मी तुझ्यापाशी मिरवलो.

आता नीट ऐक. मी तुला तीन प्रश्न दिले होते. ते चार आहेत. चौथा मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, आणि तो मी जाणूनबुजून गाळला, कारण तो लिहिला असता तर उत्तर मलाच द्यावे लागले असते. तो प्रश्न असा: सांगते कोण? नकाशा घडलेले गुन्हे दाखवत नाही. कोणी तरी उठून नोंदवलेले गुन्हे दाखवतो. जिथे एखादी दुरुस्तीबाई खिडकीत बसलेली असते तिथे ठिपके दाट उठतात. जिथे लाजरी किंवा घमेंडखोर माणसे राहतात तिथे नकाशा कोरा राहतो. माझ्या लाजेपायी मी माझ्या ताईला भिंतीकडे तोंड करून बसवणार होतो. हे मला चार दिवस झोंबते आहे, आणि झोंबायलाच हवे.

मात्र उलट्या बाजूची चूक करू नकोस. ठिपके जास्त म्हणजे गल्ली चांगली, असा नियम मी सांगत नाही. पाच चोऱ्या झाल्याच आहेत. सभागृहामागे सायकल ठेवू नका, पार्सल दाराबाहेर पडून राहू देऊ नका, मालकांना दाराची कडी बदलायला सांग. एवढे करून खिडकी घे. त्या खिडकीसमोर घड्याळ घेऊन बसलेली एक बाई आहे. ताईकडे कोणी वाकड्या नजरेने पाहिले, तर त्याची तारीख आणि मिनिट लिहिले जाईल. इतका पक्का बंदोबस्त मला कोणत्याही फाटकावर दिसत नाही.

ओशाळलेला, तरी आनंदात असलेला,
मामा

२० एप्रिल

चि. भाचीस,

घराच्या किल्ल्या मिळाल्याचे वाचून मामीने शेजाऱ्यांना बोलावून पत्र मोठ्याने वाचले. मी तिथे नव्हतो, कारण मी ठाण्यात होतो.

हवालदाराने विचारले, "सायकल चार वर्षांपूर्वी गेली. इतकी वर्षं काय करत होता काका?"

मी म्हटले, "लाजत होतो."

त्याने मान वर केली, मग खाली घातली आणि लिहू लागला. 'कुलूप' या रकान्यात 'फिर्यादीच्या खिशात' असे मी सांगितले तसे त्याने शब्दशः लिहिले. माझ्या मागे पंपवाले शेजारी उभे होते. त्यांच्यामागे कोपऱ्यावरचे दोघे. आमची ती रांग इतकी शिस्तीत होती की कोणी तरी इथे काय वाटतात म्हणून विचारून गेले.

ताई बाहेर पडते का? तू त्याबद्दल काहीच लिहिले नाहीस. विचारत नाही, फक्त नमूद करतो.

मामा

३० मे

धाकट्या,

भाचीला लिहिलेल्या पत्रांतून तू माझी चौकशी करतोस, ती वाचून मला हसू येते. लहानपणीही तू मला थेट काही विचारत नसायचास; आईला विचारायला लावायचास. म्हणून पोरीने उत्तर दिले नाही, आणि हे पत्र मी लिहीत आहे. घाईने वाचू नकोस, हाताची सवय मोडली आहे.

पहिले दोन गुरुवार मी खिडकीतूनच ऐकले. तिसऱ्या गुरुवारी पोर दवाखान्यात अडकली होती. सहा वाजले, समोर गाणे सुरू झाले, आणि त्या पितळी वाद्याने मधली ओळ अशी काही बिघडवली की माझ्याने बसवेना. मी चपला घातल्या. दाराबाहेर आले तेव्हा लक्षात आले की माझ्याबरोबर कोणी नाही. पाय थांबले. तेवढ्यात वरून दुरुस्तीबाईंचा आवाज आला, "सहा वाजून चार मिनिटं झालीत. उशीर होतोय तुम्हाला." त्या वर बसलेल्या आहेत आणि बघत आहेत, एवढे पुरले. सभागृह साठ पावलांवर आहे. मी मोजली.

आता दर गुरुवारी जाते. वरच्या पट्टीत मला अजून दम पुरत नाही. माझ्यामुळे सगळ्यांना पुन्हा पुन्हा गावे लागते. कोणी काही बोलत नाही. बारा शाळामास्तर एकदम गप्प बसलेले तू कधी पाहिले आहेस का?

परवा मी त्या माहितीच्या खिडकीवर गेले. एकटी, बसने जाऊन बसने परत. अर्ज दिला आणि पोच घेतली, कारण तुझी बहीण आहे. या महिन्याच्या यादीतली एक नोंद खाली उतरवून देते:

'सार्वजनिक उपद्रव. गुरुवार, २१ मे. समूहगान सात वाजून बारा मिनिटांपर्यंत लांबले. कारण: नव्याने दाखल झालेल्या एका ज्येष्ठ गायिकेमुळे शेवटचे कडवे तीन वेळा घ्यावे लागले. तिसऱ्या वेळी बरोबर आले.'

हवालदारबाई म्हणाल्या, तक्रारीत शेवटी असे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच वाचले. कागदाला मी चौकट करून घेतली आहे. तू येशील तेव्हा खिडकीशेजारी दिसेल.

तुझ्या गल्लीवर चार ठिपके आलेले आम्ही पाहिले. पोरीने मोठे करून दाखवले. अभिनंदन. जुनी सायकल मिळायची नाही; नवी घे, आणि कुलूप खिशात ठेवू नकोस.

मग मी तिला आपली जुनी गल्ली काढायला लावली. कोपऱ्यावर माझ्या पर्सचा ठिपका आहे तसाच आहे. त्यानंतर इथे सरकलो आणि मेमधला नवा ठिपका शोधला. दोन्ही अगदी सारखे दिसतात रे, रंगाने आणि आकाराने. त्यांच्यात काय फरक आहे ते नकाशा पाहणाऱ्या कोणालाही कळायचे नाही. मला कळतो.

गुरुवार आहे का, म्हणून आत्ता दोनदा पाहिले. गेल्या गुरुवारला अजून दोन दिवसही सरले नाहीत.

तुझी,
ताई